एका नावावर दुसरे नाव

राणी व्हिक्टोरियाची मुखाकृती असलेले, जांभळट रंगाचे, एक आणा किमतीचे एक टपालतिकीट या घटकेस माझ्यासमोर मेजावर आहे. तिकीट हिंदुस्थानचे, आपल्या पणजोबांच्या काळी पुण्याहून, रत्नागिरीहून, नागपुराहून सुटलेल्या पत्रांवर सहस्रावधी वेळा चिकटवले गेलेले, आणि म्हणून संग्राहकाच्या लेखी कवडीमोल ठरावे असे. परंतु भिंग लावून पाहिले म्हणजे राणीच्या चित्रावरून आडवा गेलेला, साध्या काळ्या शाईत मागाहून उमटवलेला एक शब्द दिसतो : झांझिबार. त्या एका शब्दाने या कागदाचे गोत्र बदलले; हिंदुस्थान सरकारच्या हुकमाने छापलेले तिकीट अरबी समुद्र ओलांडून, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या एका लवंगांच्या बेटावर, दुसऱ्याच दौलतीचे चलन बनले.

मूळ तिकिटावर मागाहून अशी अक्षरे छापण्याच्या रीतीला संग्राहक ‘ओव्हरप्रिंट’ म्हणतात. मराठीत तिला अधिमुद्रण म्हणता येईल. ही रीत निघाली ती निव्वळ व्यवहाराच्या निकडीतून. मुलूख एका धन्याकडून दुसऱ्याकडे जातो तो एका तहाने, एका फर्मानाने किंवा एका रात्रीच्या बंडाने. नव्या धन्याच्या नावाची तिकिटे मात्र लंडन, पॅरिस किंवा बर्लिन येथे कोरून, छापून, जहाजाने यायला महिनेच्या महिने लागतात, आणि तोवर टपाल तर थांबत नाही. मग हाताशी असलेल्या जुन्या तिकिटांचे ताव स्थानिक छापखान्यात नेऊन त्यांवर नवे नाव ठोकायचे. नकाशा काढणारा जुने नाव खोडतो आणि त्या खोडण्याची खूणही मागे ठेवत नाही. अधिमुद्रित तिकिटावर मात्र गेलेला धनी आणि आलेला धनी हे दोघेही एकाच बोटभर कागदावर कायमचे समोरासमोर राहतात. म्हणूनच, आफ्रिका खंडाची वाटणी कोणी, केव्हा व कशी केली आणि ती वाटणी पुढे कशी मोडली, हे सांगणारा याहून प्रामाणिक साक्षीदार मला आजवर भेटलेला नाही.

झांझिबारचे आणि मुंबईचे नाते या तिकिटाहून जुने आहे. सुलतान ओमानच्या अरबी घराण्यातला, पेढ्या भाटिया, खोजा आणि बोहरी व्यापाऱ्यांच्या, बाजारात चालणारे नाणे रुपया, आणि पुढे दप्तरांतून लेखणी चालवणाऱ्यांत गोमंतकीय कारकुनांचा भरणा, अशी त्या बेटाची घडण होती. तेथे हिंदी टपालकचेरी प्रथम १८६८ साली उघडली. ती लवकरच बंद पडली, १८७५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि त्यानंतर वीस वर्षे तिचा कारभार मुंबईच्या टपाल विभागाच्या अखत्यारीत चालला. या वीस वर्षांत झांझिबारहून सुटलेल्या पत्रांवरची तिकिटे हिंदुस्थानचीच होती. त्यांवर बेटाचे नाव नव्हते. ती तिथली म्हणून ओळखायची, तर केवळ त्यांच्यावर उमटलेल्या टपालाच्या शिक्क्यावरून. (ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; शेवटी मला तिच्याकडे परत यावयाचे आहे.)

नोव्हेंबर १८९५ मध्ये टपालाचा कारभार झांझिबारच्या सरकारकडे सोपवला गेला. बेटावर ब्रिटिशांचे संरक्षण तर १८९० पासूनच होते, परंतु नव्या टपालखात्यापाशी स्वतःचे तिकीट नव्हते. तेव्हा ‘झांझिबार गॅझेट’ या सरकारी पत्राच्या छापखान्यात हिंदी तिकिटे अधिमुद्रणासाठी नेण्यात आली. त्या लहानशा छापखान्यातील जुळाऱ्याला रोमन लिपीचे इतके बारीक खिळे घाईने जुळवताना जे श्रम पडले असतील, ते त्याच्या चुकांवरून स्पष्ट दिसतात : काही तिकिटांवर ‘झांझिबार’च्या जागी चक्क ‘झांझिदार’ छापले गेले आहे. संग्राहक या चुकलेल्या तिकिटांसाठी भारी किंमत मोजतात. मला त्यांचे मोल वाटते ते वेगळ्या कारणाने. साम्राज्यांच्या त्या अवाढव्य उलाढालीत दिव्याखाली वाकून बसलेल्या एका अनाम माणसाचा हात या एका उलट्या अक्षरात आपल्याला दिसतो. पुढच्या वर्षी लंडनच्या डे ला रू कंपनीने सुलतान हमद बिन थुवैनी यांच्या तसबिरीची देखणी तिकिटे छापून पाठवली व ती डिसेंबर १८९६ मध्ये विक्रीस आली. पण सुलतान २५ ऑगस्टलाच निवर्तले होते, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, गादीच्या वारशाच्या वादातून, ब्रिटिश आरमाराने राजवाड्यावर तोफा डागून एक युद्ध पाऊण तासाच्या आत सुरू करून संपवलेही होते. मृत सुलतानाचे चित्र पत्रांवरून पुढे वर्षानुवर्षे फिरत राहिले.

समोरच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या केनियात, अंमल होता तो एका सनदी कंपनीचा. १८९० मध्ये तिने विलायतेच्या तिकिटांवर ‘ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी’ ही अक्षरे आणि किंमत छापून घेतली. पण ती किंमत पेन्समध्ये नसून आण्यांमध्ये होती, कारण मोंबासाच्या बाजारात पेनी कोणी ओळखत नव्हते. राणी इंग्लंडची, मुलूख आफ्रिकेचा आणि हिशेब हिंदुस्थानचा, असा त्रिवेणी संगम त्या तिकिटावर झाला आहे. १८९५ मध्ये कंपनीचा कारभार सरकारने ताब्यात घेतला, तेव्हा येथेही हिंदी तिकिटेच अधिमुद्रित करून वापरली गेली.

किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, युगांडात याच सुमारास जे घडले ते तर टपालाच्या इतिहासात अद्वितीय म्हणावे लागेल. तेथे छापखाना नव्हता, कोरीव ठसे नव्हते. मार्च १८९५ मध्ये मेंगो येथील अर्नेस्ट मिलर नावाच्या मिशनऱ्याने आपल्या टंकलेखन यंत्रावर, साध्या पातळ कागदावर, एकेक तिकीट टंकून काढले. चित्र नाही, मुकुट नाही, राणी नाही; वरच्या दोन कोपऱ्यांत युगांडाची ‘यू’ आणि ‘जी’ ही दोन अक्षरे आणि मध्ये एक आकडा. हा आकडा कवड्यांचा! युगांडात त्या काळी कवडी हेच चलन होते, आणि दोनशे कवड्यांना एक रुपया असा भाव होता. दहा कवड्या, वीस कवड्या, पन्नास कवड्या, अशा दराने पत्रे जात. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, मी स्वतःही तो वर वापरला आहे. परंतु ज्या कवडीवर एक टपालखाते उभे राहिले, त्या कवडीच्या या तिकिटांना आज हौशी लोक मागतील ती किंमत देतात.

जर्मनांनी दक्षिणेकडचा किनारा घेतला, पण त्यांनाही रुपयाला हात लावता आला नाही. १८९३ मध्ये जर्मन साम्राज्याच्या तिकिटांवर मुलखाचे नाव न घालता केवळ नवी किंमत छापण्यात आली, आणि त्या किमतीचे नाव होते ‘पेसा’. हा पेसा म्हणजे आपला पैसाच, आणि चौसष्ट पेशांची एक ‘रुपी’ हा हिशेब, ज्यांनी चौसष्ट पैशांचा रुपया पाहिला आहे अशा वाचकांना समजावून सांगण्याचे कारण नाही. पुढे १९०० पासून जर्मनीने आपल्या साऱ्या वसाहतींसाठी एकच नमुना ठरवला : कैसरची ‘होहेनझोलर्न’ नावाची शुभ्र नौका. टोगो असो, कामेरून असो, नैर्ऋत्य आफ्रिका असो की पूर्व आफ्रिका, सर्वत्र तीच नौका. फरक फक्त नावाचा. ज्या नैर्ऋत्य आफ्रिकेत १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा जमातींचा संहार करण्यात आला, तेथून निघालेल्या पत्रांवरही तीच शांत समुद्रातली नौका होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा या नौकेवर नवी नावे येऊन आदळू लागली. टोगोत इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी हाती लागलेल्या जर्मन तिकिटांवरच आपल्या संयुक्त ताब्याची अक्षरे छापली. पूर्व आफ्रिकेवर चाल करून जाणारी हिंदी फौज ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून निघाली आणि नोव्हेंबरच्या आरंभी टांगा येथे तिचा पराभव झाला. या फौजेच्या टपालासाठी पंचम जॉर्जच्या हिंदी तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’, म्हणजे परदेशी मोहिमेवरील हिंदी फौज, ही तीन अक्षरे छापलेली असत. माफिया नावाचे एक लहान बेट ब्रिटिशांनी १९१५ मध्ये काबीज केले, आणि तेथे याच फौजी तिकिटांवर आणखी एक शिक्का मारण्यात आला : ‘जी. आर. पोस्ट माफिया’. त्या तिकिटाचे पदर आपण उलगडून पाहावेत. सर्वांत खाली हिंदुस्थान. त्यावर हिंदुस्थानातून आलेले, ज्यांना या युद्धाचे कारण कोणी विचारले नव्हते असे शिपाई. आणि सर्वांत वर, राजाच्या नावाने, ज्यांची बेटावरची घरे होती त्यांना न विचारता घेतलेले बेट.

फ्रेंचांच्या मुलखात हेच चक्र फिरले, पण ते शिपायांच्या नव्हे, तर दप्तरातल्या अधिकाऱ्यांच्या हाताने. ‘ऊर्ध्व सेनेगाल व नायजर’ या विस्तीर्ण वसाहतीच्या तिकिटावर उंटावर बसलेला एक स्वार होता. १९१९ मध्ये या वसाहतीतून ‘ओत-व्होल्टा’, म्हणजे व्होल्टा नद्यांच्या वरच्या अंगाचा प्रदेश, वेगळा काढण्यात आला, आणि उंटस्वाराच्या चित्रावर ते नाव छापले गेले. थोड्याच काळात त्याच उंटस्वारावर ‘नायजर’ आणि ‘फ्रेंच सुदान’ हीही नावे उमटली. आजची बुर्किना फासो, नायजर आणि माली ही तीन राष्ट्रे एकाच उंटाच्या पाठीवरून उतरली आहेत, असे तिकिटांच्या वहीत डोळ्यांना दिसते. ओत-व्होल्टाला पुढे स्वतःची चित्रे मिळाली. पण महसूल भागेना आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमधील मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १९३२ मध्ये पॅरिसहून एक हुकूम सुटला आणि ती वसाहत मोडून शेजाऱ्यांत वाटून टाकण्यात आली. उरलेल्या तिकिटांचे काय करायचे? १९३३ मध्ये त्यांवर ‘कोत दिव्हुआर’, म्हणजे आयव्हरी कोस्ट, हे नाव छापून ती खपवण्यात आली. वाटणीनंतर घरातील भांड्यांवरचे जुने नाव घासून त्यावर नवे कोरावे, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे भांड्यांबरोबर माणसेही वाटली गेली होती. १९४७ मध्ये वसाहत पुन्हा जुळवली, १९६० मध्ये ती स्वतंत्र झाली, आणि ४ ऑगस्ट १९८४ रोजी टोमा सांकारा यांच्या राजवटीत तिने ते नदीवरून दिलेले परके नाव टाकून ‘बुर्किना फासो’, म्हणजे ताठ मानेच्या, निर्मळ माणसांची भूमी, हे नाव धारण केले. या नावावर आता कोणाचे अधिमुद्रण होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

काँगोची तिकिटे मी पाहतो तेव्हा मात्र मन विषण्ण होते. बर्लिन परिषदेनंतर हा प्रचंड प्रदेश बेल्जियमच्या राष्ट्राकडे नव्हे, तर राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीत गेला, आणि त्याला ‘काँगोचे स्वतंत्र राज्य’ हे नाव देण्यात आले. १८९४ पासून या राज्याने काढलेली चित्रमय तिकिटे कोरीवकामाच्या दृष्टीने अप्रतिम आहेत : मटाडीचे बंदर, नदीचे धबधबे, लोहमार्गाचा पूल, हत्तीची शिकार. याच वर्षांत रबराचा ठरलेला कोटा भरला नाही म्हणून गावे जाळली जात होती आणि माणसांचे हात तोडले जात होते. ई. डी. मोरेल याने अँटवर्पच्या गोदीत येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा हिशेब पाहून, रबर व हस्तिदंत येते आणि बदल्यात बंदुका-काडतुसे जातात, व्यापाराचा माल जवळजवळ जात नाही, हे ताडले व त्यावरून जगापुढे ते पातक मांडले. तिकिटावरच्या चित्रात यांतले काहीही नाही. चित्र खोटे बोलते. खरे सांगितले ते १९०८ मध्ये त्याच चित्रांवर आलेल्या ‘काँगो बेल्ज’ या दोन शब्दांनी, की राजाची खासगी जहागीर चालू देणे आता शक्य राहिले नव्हते.

१९५२ पासून बेल्जियन काँगोत फुलांची एक मालिका चालू होती. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला, आणि त्या फुलांवर नुसते ‘काँगो’ छापले गेले. पंधरवडा उलटण्याच्या आत, ११ जुलै रोजी, तांब्याच्या खाणींचा काटांगा प्रांत खाणकंपन्यांच्या पाठबळावर फुटून निघाला, आणि त्याच फुलांवर ‘काटांगा’ आले. हिऱ्यांचा प्रांत दक्षिण कासाई, तोही फुटला, आणि त्याचेही नाव त्याच मालिकेवर आले. जगातील एकाही राष्ट्राने काटांगाला मान्यता दिली नाही. जानेवारी १९६३ मध्ये ते संपले. एका संग्रहवहीच्या एका पानावर ही तीन नावांची फुले शेजारी-शेजारी लावली, तर नवजात राष्ट्राच्या पहिल्या वर्षात त्याचे किती लचके तोडले गेले हे सांगण्यास वेगळ्या ग्रंथाची गरज उरत नाही.

पोर्तुगीजांच्या वसाहतींविषयी गोव्याच्या वाचकांना मी काय नवे सांगावे? मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहूनच चालत होता, आणि पुढे तिकिटांचे युग आल्यावर पणजीच्या व मोझांबिकच्या टपालकचेरीत एकाच राजाची तीच प्रतिमा, खाली फक्त मुलखाचे नाव बदलून, विकली जाई. १९१० मध्ये लिस्बनला राजसत्ता गेली, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर त्या राजाच्या चेहऱ्यावर ‘रिपब्लिका’ हा एकच शब्द उमटला. प्रजासत्ताक आले ते लिस्बनला. पणजीतील आणि मोझांबिकमधील प्रजेच्या वाट्याला तो नुसता शब्द आला.

‘इंडिपेन्डन्स’ या शब्दाची कथाही अशीच दुहेरी आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला. राणी एलिझाबेथच्या चित्राच्या जुन्या तिकिटांवर ‘घाना इंडिपेन्डन्स’ आणि ती तारीख छापण्यात आली, आणि त्याच दिवशी क्वामे एन्क्रुमा यांच्या चित्राचे, आफ्रिकेच्या नकाशाचे नवे तिकीटही निघाले. नाण्यांवरून राणीचे चित्र का काढता, असा आक्षेप विलायतेत निघाला तेव्हा एन्क्रुमा यांनी दिलेला खुलासा मला सर्वस्वी पटतो : आपल्या पुष्कळ लोकांना लिहिता-वाचता येत नाही, आपण खरोखर स्वतंत्र झालो हे त्यांना खुणेनेच दाखवावे लागेल. निरक्षर शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवलेला स्वकीयाचा चेहरा हे त्याच्या स्वातंत्र्याचे पहिले वाचन होते. याच्या उलट १९६६ च्या आरंभी ऱ्होडेशियात त्याच राणीच्या तिकिटांवर पुन्हा ‘इंडिपेन्डन्स’ छापले गेले, तारीख ११ नोव्हेंबर १९६५. पण हे स्वातंत्र्य मूठभर गोऱ्यांनी बहुसंख्य काळ्या प्रजेला मताधिकार नाकारत राहण्यासाठी जाहीर केले होते. ब्रिटनच्या टपालखात्याने ही तिकिटे बेकायदा ठरवली आणि ती लावलेली पत्रे बिनतिकिटी समजून त्यांवर दंड आकारला. तोच शब्द, तीच राणी. परंतु एका तिकिटामागे सारी प्रजा उभी होती आणि दुसऱ्यामागे प्रजेचा नकार.

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने १९७६ पासून ट्रान्सकाय, बोफुतात्स्वाना, व्हेन्डा आणि सिस्काय या चार तथाकथित स्वतंत्र राज्यांसाठी सुबक, रंगीत तिकिटे काढली. ती देखणी आहेत; माझ्या वहीत मी त्यांना राष्ट्रांच्या पानांवर जागा देत नाही. १९९४ मध्ये ही चारही राज्ये दक्षिण आफ्रिकेत विलीन झाली.

शेवटी पुन्हा झांझिबार. १० डिसेंबर १९६३ रोजी बेट स्वतंत्र झाले, सुलतानासह. १२ जानेवारी १९६४ रोजी क्रांती झाली आणि सुलतान परागंदा झाला. टपालकचेरीत शिल्लक होती ती आदल्या सुलतानाच्या, १९६३ मध्येच निवर्तलेल्या सुलतान अब्दुल्लांच्या, तसबिरीची तिकिटे. काही दिवसांतच रबरी शिक्क्याने, हातांनी, कुठे सरळ, कुठे तिरके, त्यांवर ‘जम्हुरी १९६४’ उमटवण्यात आले. स्वाहिलीतला हा शब्द अरबीतून आलेला, आणि ‘जम्हूरियत’ ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्यांना तो परका वाटणार नाही. त्या क्रांतीत हजारो अरबांचे आणि कित्येक हिंदी कुटुंबांचे संसार उद्ध्वस्त झाले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली माणसे मिळेल त्या जहाजाने मुंबईला, कच्छला, गोव्याला, विलायतेला पांगली. एप्रिलमध्ये बेट टांगानिकाशी जोडले गेले, ऑक्टोबरात त्या संयुक्त राष्ट्राचे नाव टांझानिया ठरले, आणि १९६७ अखेर झांझिबारचे वेगळे टपालतिकीट कायमचे बंद झाले.

त्या पांगलेल्या माणसांबरोबर आणि त्यांच्या आधीही पूर्व आफ्रिकेतून असंख्य पत्रे आपल्याकडे आली : मोंबासाच्या लोहमार्गावर गेलेल्यांची, नैरोबीच्या कचेऱ्यांत बसलेल्यांची, झांझिबारच्या पेढ्यांतली. त्यांतली काही अजून कोणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या हिशेबाच्या चोपड्यांत पडलेली असतील. ती हाती लागली तर वाचकांना माझी एवढीच विनंती आहे : पाण्यात भिजवून तिकीट सोडवू नका, पाकीट फाडू नका, कात्रीने कोपरा कापू नका. १८७५ ते १८९५ पर्यंतचे हिंदी तिकीट झांझिबारचे आहे हे फक्त त्यावरचा शिक्का सांगतो, आणि अर्धा शिक्का तिकिटावर असतो, अर्धा पाकिटावर.